शंखखेकड्यांचा श्रावण

मी तेव्हा फार लहान होते. बासष्टची. आता सत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडे बघते तर वाटतं, एवढी आगाऊ बाई या लोकांनी घरात ठेवून कशी घेतली!

त्या वर्षी सुनेनं आमच्या जळगावच्या हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची काचपेटी मांडली. तापीपलीकडचं पाणी आम्हाला ठाऊक नाही, आणि हिनं मीठ कालवून घरात समुद्र केला. मासे नंतर यायचे होते. आधी सफाईवाले आले : आठ गोगलगायी आणि सहा शंखखेकडे, म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घुसून राहणारे भाडेकरू. काचेवरची, वाळूवरची घाण खायची, हे त्यांचं काम.

तेवढ्यात सुनेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती तीन आठवड्यांसाठी धुळ्याला निघाली.

"आई, पेटी नवी आहे. यांना खाण्यापुरती घाणसुद्धा अजून नाही त्यात. फ्रीजरमध्ये डब्यात कोळंबीचे तुकडे आहेत, एक दिवसाआड दोन टाका. आणि काचेवर हिरवं धरलं तर पुसू नका. ते गोगलगायींचं जेवण."

"अगं, चार पोरं वाढवली मी."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

लग्न होऊन आल्यापासूनच्या नऊ वर्षांत स्वतःची एखादी वस्तू तिनं माझ्या हवाली केली ती पहिल्यांदाच. चौदाच्या चौदा जिवंत दाखवायचे, असं मी मनाशी पक्कं केलं.

आणि चौथ्या दिवशी श्रावण लागला. आदल्या दिवशी फ्रीज रिकामा करून धुवायचा, ही माझ्या सासूची रीत. कोळंबीचा डबा मी गल्लीतल्या मांजरीपुढे उपडा केला.

आमचे हे म्हणाले, "अगं, खेकड्यांना काय कळतो श्रावण?"

"घरात राहतात ना? मग घराची रीत पाळतील."

कोळंबीच्या जागी भिजवलेला साबुदाणा टाकला. त्याला कुणी शिवलं नाही, पाणी तेवढं पांढुरकं झालं. सोमवारी बायका फराळाला यायच्या होत्या, म्हणून काचेवरचं हिरवंही फडक्यानं खसाखसा पुसून काढलं. काच कशी लख्ख! सफाईवाल्यांचं ताट मीच घासून ठेवलं होतं.

बुधवारी भांडी घासणारी बाई, मूळची साक्रीकडची, हॉलमधून ओरडली, "अक्का, हाऊ त्याले खाई ऱ्हायना!"

पळत गेले. एका खेकड्यानं गोगलगायीला उलथं पाडून नांगीनं धरलं होतं. तिनं शंखाचं झाकण घट्ट ओढलं, त्यानं ते कुरतडून काढलं. मग आत नांगी घालून मांस ओढायचं, तोडायचं, तोंडात कोंबायचं. ती अजून हलत होती. सगळं संपल्यावर त्यानं आपला शंख सोडला आणि उघड्या, मऊ पोटानिशी तिच्या घरात शिरला. मेलीचं लुगडं नेसून मिरवावं तसा.

मी स्वयंपाकघरातला चिमटा आणून त्याला हाणला. त्यानं चिमटाच धरला.

शनिवारपर्यंत पाच गोगलगायी गेल्या. मग खेकडे एकमेकांवर उठले. एकाला दोघांनी शंखातून खेचलं, पाय उपटले. ते पाय वाळूवर पडले होते, तर तिसरा येऊन तेही घेऊन गेला. घरात कांदासुद्धा चिरत नव्हतो आम्ही. आणि मी समोर बसून शिवलीलामृत वाचत होते!

सोमवारी दुसरा खेकडा फाडलेला दिसला, तेव्हा पोथी मिटली. पदर तोंडावरून घेऊन मासळीबाजारात गेले.

"श्रावणात कोण पाहुणे आले, आजी?" कोळंबीवाली हसली.

"घरातलेच आहेत. एकमेकांना खातायत."

मोरीत बसून विळीवर कोळंबीची मुंडकी उडवली. श्रावणी सोमवारी हात सराईत चालला, ही लाजेची गोष्ट. हे दारात आले. "अगं, सोमवार..."

"गप बसा, नाहीतर तुम्हालाही पेटीत टाकीन."

तुकडे पडताच चारही खेकडे त्यांवर तुटून पडले. ओढाओढ झाली, पण कोळंबीची. त्या दिवसापासून आणखी कुणी मेलं नाही.

सून आली ती चपला न काढताच पेटीशी गेली. मोजलं. तीन गोगलगायी, चार खेकडे. मी सगळं सांगितलं. मांजर, साबुदाणा, फडकं, काही गाळलं नाही. ती वाळूतले कुरतडलेले तुकडे चिमट्यानं एकेक वेचत राहिली. दोन दिवस तिनं मला पेटीला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं कोळंबीचा नवा डबा माझ्यापुढे ठेवला.

"आई, आज तुम्ही टाका. मी बघते."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. मी तुकडा उचलला.

"मोठा आहे," ती म्हणाली. "अर्धा करा."

मी अर्धा केला.