टोमॅटोच्या क्रेटमधला पीसी

चौकात आज विक्याचा फ्लेक्स लागलाय आणि त्यात विक्याच सगळ्यात बारीक दिसतोय.

मोठा फोटो भाऊंचा. हात जोडलेला. पांढरा शर्ट, गॉगल.

विक्या खाली कोपऱ्यात, जाहिरातीतल्या मोबाईल नंबरएवढा. बाजूला पोरांची लाईन, सगळे केस सेट करून. मेलेल्याच्या फ्लेक्सवर कोण केस सेट करतं राव?

बघून किळस आली. म्हणून ही पोस्ट.

आज वर्ष झालं विक्याला जाऊन.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी. विक्या माझा शाळेपासूनचा दोस्त. गंगापूर रोडच्या पुढं त्यांचा मळा. शेवंती, झेंडू. बारावीला आम्ही सोबतच नापास झालो.

मग त्याला पीसी बांधायचा झटका आला. गेम पण खेळायचा आणि व्हिडिओ एडिटिंग पण करायचं, आणि बजेट म्हणजे नुसता शब्द.

बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतून जुनं ग्राफिक्स कार्ड उचललं. कॅबिनेट परवडेना. म्हणून मळ्यातलं टोमॅटोचं लाल क्रेट घेतलं, आत पुठ्ठा टाकला आणि त्यात मदरबोर्ड बसवला.

हवा चारी बाजूंनी. त्याच्याएवढा थंड पीसी अख्ख्या नाशकात नसेल.

त्याचे वडील, आण्णा, हळद-कुंकू घेऊन आले. झेंडूचा हार घातला. आणि नवीन ट्रॅक्टरवर फोडतात तसा नारळ उचलला.

विक्या आडवा आला. म्हणाला, आण्णा, बाजूला फोडा. आण्णांनी बाजूलाच फोडला, पाणी बरोबर क्रेटमध्ये. मग त्याची बहीण सोनू हेअर ड्रायर घेऊन बसली आणि विक्या तोंडात मारल्यासारखा बघत होता.

तरी चालू झाला. आण्णा आजही सांगतात, नारळामुळंच.

रॅम कमी होती. रेंडर, म्हणजे बनवलेला व्हिडिओ बाहेर काढायला लावला की मधेच अडकायचा. कुणीतरी समोर बसून राहायचं, अडकला की परत सुरू करायचं. घरात मिक्सर लावला की व्होल्टेज पडून पीसी बंद. म्हणून रेंडरच्या दिवशी काकू, म्हणजे विक्याची आई, चटणी पाट्यावर वाटायच्या. शिव्या देत देत, पण वाटायच्या.

त्याच पीसीवर तो भाऊंचे व्हिडिओ बनवायचा. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातले नेते. नाव टाकत नाय, टाकलं तर तेच शेअर करतील.

भाऊ स्लो मोशनमध्ये चालतात. मागे सिंह. मागे आग. विक्या स्वतःच म्हणायचा, सिंहाला पण लाज वाटत असेल.

मागच्या वर्षी भाऊंच्या बर्थडेच्या आदल्या दिवशी विक्याला सणकून ताप होता. डोळे लाल. भाऊंचा फोन आला, स्पीकरवर होता, मी ऐकला. ताप काय, सगळ्यांनाच येतो, उद्या सकाळी व्हिडिओ पाहिजे.

आण्णा म्हणत होते, उठ, डॉक्टरकडे चल.

मी पण म्हणालो, तू जा, रेंडरसमोर मी बसतो.

विक्या म्हणाला, "तू? तू भाऊंच्या डोक्यावर शिंगं लावशील."

लावली असती.

बसला तिथंच, अंगावर चादर घेऊन. डेंग्यू निघाला. दवाखान्यातून परत आलाच नाय.

व्हिडिओ वेळेवर गेला. सिंह, आग, सगळं.

आज वर्षश्राद्धाला भाऊ घरी आले. सोबत फोटोवाला. विक्याच्या फोटोला हार घातला, अँगल जमला नाय म्हणून काढून परत घातला.

मग खीर-वडे खाता खाता मुद्द्यावर आले. इलेक्शन तोंडावर आहे, आपलं सगळं जुनं शूटिंग विक्याच्या हार्ड डिस्कवर आहे. डिस्क घेऊन जातो. तसाही पीसी पडूनच आहे ना.

पडून नाय. सोनू त्याच्यावर एडिटिंग शिकतीये.

आणि त्याच डिस्कवर विक्याचा आवाज आहे. गेम खेळताना रेकॉर्ड केलेला. दुसरीकडं कुठंच नाय. भाऊंच्या पोरांच्या हातात डिस्क गेली की पहिलं काम फॉरमॅट.

आण्णा हळूच म्हणाले, देऊन टाक बाई, मोठी माणसं आहेत.

मी तोवर आत जाऊन एक मेलेली हार्ड डिस्क पिशवीत भरली होती. म्हटलं हीच देतो, बसा फुंकर मारत.

पण सोनू आधी बोलली. डिस्क मिळणार नाय, तुमचं शूटिंग कॉपी करून देते, पुढच्या आठवड्यात या.

भाऊ हसले. "बाळा, मला आज पाहिजे."

सोनूनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"दादाला ताप होता तेव्हा तुम्ही एक दिवस थांबला नाय. आता थांबा."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. भाऊंनी आण्णांकडं बघितलं. आण्णा, जे आयुष्यात कुणाला उलटून बोलले नाय, ते उठले आणि हात धुवायला पाणी घेऊन आले.

म्हणजे उठा.

खीर अर्धी टाकून गेले.

मग काकू म्हणाल्या, तो बोलतो ते लाव. सोनूनं लावलं. विक्या मला, म्हणजे गोळ्याला, घालून पाडून बोलत होता, "गोळ्या, भिंतीमागं काय लपतो, लग्न लागलंय का तुझं तिथं?"

काकू म्हणाल्या, केवढा ओरडतो हा.

आणि म्हणाल्या, परत लाव.

खाली आरआयपी ब्रो टाकू नका. फुलांचे फोटो तर अजिबात नको, त्यांच्या घरी मळा आहे.

विक्या, सोनू खमकी निघाली. तू निवांत जा.

रामराम भावा.