चिमणाबाईंच्या दुकानाची नोंद

सयाजी चौगुले मसाल्याचा सेल्समन. कोल्हापुरातून गाडी काढायची आणि मुरगूडपर्यंतची दुकानं करत जायचं, यात त्याचे केस पांढरे झाले. हळू बोलणं मात्र त्याला कधी जमलं नाही. घरात बायकोशी कुजबुजला, तरी भिंतीपलीकडून शेजारी "व्हय की" म्हणून दुजोरा द्यायचे.

यंदा कंपनीच्या मालकांच्या मुलीनं, आदितीनं, सगळ्यांच्या फोनमध्ये एआय सहायक बसवून दिला. "दुकानातून बाहेर आलात की दुकानदार कसा आहे, काय घेतो, ते नुसतं बोला. पुढं कुणाकडं कधी जायचं ते तोच ठरवून देईल." सयाजीला हे काम भलतंच आवडलं. बोलायचा पगार मिळत असेल तर आणखी काय पाहिजे?

बुधवारी तो मुरगुडात चिमणाबाईंच्या दुकानात गेला. बाईंनी नेहमीप्रमाणे त्याला फैलावर घेतलं, चहा पाजला आणि थोडीशी पाकिटं ठेवून घेतली. पायरी उतरून त्यानं फोन काढला आणि ऑर्डर सांगितली. सहायक म्हणाला, "या दुकानाची ऑर्डर कमी आहे. इथली भेट बंद करू का? नको असेल तर कारण सांगा."

सयाजी जागीच थबकला. ही बाई भेटायची नसेल, तर बुधवारी मुरगुडात यायचं तरी कशाला?

"बंद कशापायी?" तो फोनवर खेकसला. "नवरा गेला तवा दुकानात रिकाम्या बरण्या हुत्या. माणसं म्हणायची, हिला जमायचं न्हाय. हिनं दुकान बी उभं केलं, पोरगा बी शिकवला. तोंडानं फटकळ हाय, पण मापात पाप न्हाय. नवा मसाला आधी सोताच्या कालवणात घालून बघती, मग गिऱ्हाइकाला देती. असली बाई साऱ्या लाइनीत न्हाय. मी येणार. लिही."

फोननं लिहून घेतलं आणि दर बुधवार कायम केला. सयाजीनं सुटकेचा निःश्वास टाकून मान वर केली. सगळी गल्ली त्याच्याकडं बघत होती आणि दुकानाच्या दारात चिमणाबाई उभ्या होत्या.

तोंडावर कौतुक करायची आपल्याकडं रीत नाही. करायचं ते माणूस गेल्यावर. सयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बाई काही सोडत नाहीत, म्हणून तो खिशात गाडीची किल्ली चाचपू लागला.

बाईंनी पदरानं डोळे टिपले. मग नेहमीच्याच जरबेनं म्हणाल्या, "पुन्यांदा सांग त्याला."

"काय?"

"आत्ता सांगितलंस ते. जरा मोठ्यानं. आत सुनंनं मिक्सर लावला हुता, तिला ऐकू गेलं न्हाय."