शून्य मिली

आमच्या ह्यांच्या किडन्या थकल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पोटात जाईल ते सगळं पातळ मोजायचं आणि बाहेर पडेल तेही मोजायचं. चहा, आमटी, गोळीबरोबरचं पाणी, सगळं. आता आम्ही कोकणातली माणसं, सोलकढी मोजून कोण पितं? पण लागले मी मोजायला. लघवीला नळी घालून पिशवी लावलेली होती. ती रिकामी करायचं काम माझंच.

आम्ही मुलुंडला, मुलगी कांदिवलीला. तिने तिचा जुना लॅपटॉप आणून दिला आणि त्यात चौकोनांचा तक्ता करून दिला, म्हणजे तिलाही तिकडे बसून दिसेल. मी आपली इमानदारीत प्रत्येक चौकोनात आकडा आणि पुढे ‘मिली’ लिहायची. खाली बेरीज काही होईना. केला फोन.

"आई, तू अक्षरं लिहितेस ना, मग त्याला तो आकडा वाटतच नाही. नुसता आकडा टाक."

"आणि मिली कोण लिहिणार? तुझा नवरा?"

"अगं ऐक तर. पूर्ण उभी ओळ निवड, फॉरमॅटमध्ये जा, कस्टममध्ये एक शून्य लिही आणि पुढे अवतरणचिन्हांत मिली. मग तू आकडा टाकलास की मिली आपोआप दिसेल."

आणि खरंच दिसलं हो! बेरीजसुद्धा झाली. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "झकास. आता मला पण माप लागलं." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी लॅपटॉप मागून घ्यायचे आणि बाहेर पडल्याचा रकाना बघायचे. चहाकडे नाही, आमटीकडे नाही, तेवढा एकच रकाना.

कारण त्यांनी मनाशी ठरवलं होतं. डॉक्टर डायलिसिस म्हणत होते, हे नको म्हणत होते. "लघवी होतेय तोवर मी आहे. ती थांबली की समजायचं, झालं. मला मशीनवर चढवायचं नाही." किती भांडले मी. ऐकतील तर शपथ!

रकान्यातले आकडे उतरत गेले. मग एक दिवस पिशवीत काहीच नाही. नळी हलवून पाहिली, ह्यांना कुशीवर वळवून पाहिलं. काही नाही. मी शून्य टाकलं आणि तो चौकोन कसा दिसला सांगू, ‘0 मिली’. शून्याला कसलं आलंय मिली?

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "सकाळी गाडी घेऊन येते. डॉक्टर समजावतील त्यांना. तोवर बोलू नकोस काही." पण संध्याकाळी हे रकाना बघणारच होते, आणि चौकोन रिकामा ठेवावा तर मुलगी तो तक्ता डॉक्टरांना पाठवणार होती, त्यात खरा आकडा हवा. व्हिडिओ बघून बघून शोधलं मी. त्या कस्टममध्ये मिलीच्या पुढे दोन अर्धविराम टाकून पुढे काहीच लिहिलं नाही की शून्य दिसत नाही. आत असतं, पण दिसत नाही. तसं केलं.

ह्यांनी लॅपटॉप घेतला. "आजचं?"

"लिहायचं राहिलं."

"तू? आणि राहिलं?"

कंपनीच्या स्टोअरमध्ये शेवटी शेवटी कॉम्प्युटरवर मालच मोजत बसलेला माणूस तो. बोट त्या चौकोनावर नेऊन दाबलंच. वरच्या लांब पट्टीत शून्य उमटलं.

"वर दिसतं गं सगळं," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातावर हात ठेवून तसेच पडून राहिले.

सकाळी मुलगी आली. उशाशी बसून बाबा, बाबा करत रडली, डॉक्टरांना फोन लावून कानाशी धरला. ह्यांनी तो हळूच बाजूला केला.

"गेटमध्ये गाडी लावलीयस ना? वॉचमन ओरडेल. काढ जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. उशाशी पडलेली गाडीची किल्ली मी उचलून तिच्या हातात ठेवली.