परिच्छेद सत्तावीसचा रंग

नवरा म्हणतो, "ऑफिसात तू तोंड उघडत नाहीस आणि घरी आल्यावर चहाला उकळी फुटायच्या आत तीन किस्से!" बरोबर आहे त्याचं. गप्प बसणाऱ्यांकडेच किस्से साठतात; बोलणाऱ्यांना ऐकायला वेळ कुठे असतो? त्यातून आमच्या ऑफिसात मसुद्याच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर एक किस्सा फुकट मिळतो. मसुदा बाराव्या आवृत्तीपर्यंत गेला, यावरून काय तो अंदाज करा.

आधी थोडी ओळख. लग्न होऊन मी नोएडाला आले आणि हातातला हिरवा चुडा उतरायच्या आत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी इमारतीत कंत्राटी नोकरी लागली. तिथे देशातल्या शाळांसाठी नवं धोरण लिहिणं चालू होतं. लिहिणारे मोठे लोक. मी फक्त कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारी. पहिल्याच आठवड्यात आमचे सेक्शन ऑफिसर नेगीजी म्हणाले, "मॅडम की चूड़ियाँ बोलती हैं, मॅडम नहीं बोलतीं!"

०००

आमचे डायरेक्टर, माथुरसाहेब, स्क्रीनवर वाचत नाहीत. "जो काग़ज़ पर नहीं, वो है ही नहीं," असं त्यांचं म्हणणं. आणि मसुद्यात तर रंगांचा कारभार! हिरवा म्हणजे परिच्छेद राहणार, पिवळा म्हणजे जाणार, गुलाबी म्हणजे बघू.

घोटाळा एवढाच की ऑफिसचा प्रिंटर काळा-पांढरा. स्क्रीनवरची होळी कागदावर येईपर्यंत सगळी काळी अक्षरं!

मग मला काम मिळालं. साहेबांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचं आणि ते नंबर म्हणतील त्याचा रंग सांगायचा.

"चौदह?"

"हरा, सर."

"पंद्रह?"

"पीला, सर."

पिवळा म्हटलं की साहेब पेनाने त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारायचे. मुलांनी कितवीपर्यंत कुठल्या भाषेत शिकायचं, परीक्षा कधी द्यायची, सगळं माझ्या एकेका शब्दावर. पंधरा दिवसांत अख्खं ऑफिस मला 'सिग्नल मॅडम' म्हणायला लागलं.

०००

रंगीत प्रिंटर मागवायचं कोणाला सुचलं नाही असं समजू नका. नेगीजींनी रीतसर फाइल केली. ती तीन टेबलं फिरून परत आली. वर शेरा: "रंग का औचित्य स्पष्ट करें."

नेगीजींनी दीड पान औचित्य लिहिलं. फाइल पुन्हा परत. शेरा: "नीति में रंग की आवश्यकता क्यों?"

नेगीजी फाइल छातीशी धरून खिडकीपाशी उभे राहिले. म्हणाले, "सवाल तो सही है, यार."

०००

आता सत्तावीस नंबर. त्यात म्हटलं होतं, कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात. तो मुद्दा ठरलेलाच होता, तो सव्विसाव्यातही होता. पण सत्ताविसाव्यात पुढे एक वाक्य जास्तीचं होतं: वाटेत पाणी, जंगल किंवा मोठा रस्ता आडवा येत असेल, तर शाळा आहे तिथेच राहील.

हे वाक्य पहिल्या आवृत्तीपासून हिरवं होतं. मी रोज ऑफिसात आल्यावर आधी ते बघायचे, मग पाणी प्यायचे.

कारण माझी आई भोरच्या पलीकडे डोंगरातल्या वस्तीशाळेत शिकवते. पट अकरा. जवळची मोठी शाळा ओढ्यापलीकडे.

हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणी.

०००

मुलांनी किती चालावं यावर एकदा मोठी मीटिंग झाली. लांबलचक टेबल, नऊ माणसं, बिस्किटं. एक ज्येष्ठ तज्ज्ञ अर्धा तास उशिरा आले, घाम पुसत. येताच त्यांनी सूत्रं हातात घेतली. "तीन किलोमीटर बच्चा आराम से चल लेता है. हम नहीं चलते थे? चलने से तो चरित्र बनता है!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी लिहून घेतलं.

मग पाणी पिता पिता ते नेगीजींकडे वळून म्हणाले, "और ये पार्किंग आपने कहाँ दी है भाई? गेट से दो सौ मीटर! बुलाना हो तो ढंग से बुलाइए!"

त्याच दिवशी सत्तावीस नंबर गुलाबी झाला.

०००

नकाशाचं काम तान्याकडे. माझ्याच वयाची, हुशार, बोटं कीबोर्डवर पळतात नुसती. एक दिवस तिने मला सहज म्हणून एक नकाशा दाखवला, नेमका आमच्याच तालुक्याचा. दोन शाळा, मध्ये सरळ लाल रेघ.

"देखो, मुश्किल से दो किलोमीटर. एक्सेप्शन की ज़रूरत ही क्या है?"

सहा महिन्यांत मी पहिल्यांदा न विचारता बोलले. "बीच में ओढा है."

"क्या है?"

मला हिंदी शब्द सुचेना. संध्याकाळी नवऱ्याला, अमेयला, विचारलं. तो दिल्लीत वाढलेला. म्हणाला, "ओढा म्हणजे? अच्छा, नाला!" मी म्हटलं, "नाल्याच्या काठावर कोणी कपडे धुतं का रे?" तो म्हणाला, "अगं, इथल्या नाल्याजवळून तर नाक धरून जातात!"

दुसऱ्या दिवशी मी तान्याला म्हटलं, "छोटी नदी. बारिश में बड़ी."

तिने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. "मॅप पे तो नहीं दिख रही."

"जून में देखिए."

"कितना पानी आता है?"

मी छातीशी हात धरला. "यहाँ तक."

"बच्चों के?"

"मेरे."

 लाल रेघ तान्याने पुसली नाही, पण मला पुन्हा दाखवलीही नाही.

०००

मग अभिप्राय मागवायचे दिवस आले. आमच्याकडे नियम असा की ठरलेल्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही, किंवा 'निरंक', म्हणजे 'काही म्हणणं नाही', असं आलं, तर मसुदा मान्य आहे असं धरायचं. मी देव पाण्यात घालून बसले होते. कोणीतरी ओढ्याबद्दल लिहील. डोंगर काय एकट्या भोरला आहेत?

कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये एक मराठी अधिकारी भेटले, दौऱ्यावर आलेले. माझं मराठी ऐकून खूश झाले. थालीपिठाचा तुकडा मोडत म्हणाले, "अरे वा, ताई, तुम्ही आपल्याकडच्या! मग ते छोट्या शाळांचं जरा बघा की. आमच्याकडे फार अवघड होईल हो. लोक मोर्चे आणतील."

मी म्हटलं, "सर, तुमच्या विभागाचा अभिप्राय आला ना परवा."

"आला? छान! काय म्हटलंय आम्ही?"

"निरंक."

त्यांनी लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "त्याचं काय आहे ताई, निरंक लिहिलं की फाइल परत येत नाही."

०००

आईचा फोन रविवारी येतो. एका रविवारी तिने विचारलं, "काय गं, आमच्या शाळांचं काही चाललंय का तिकडे? केंद्रप्रमुख काहीबाही बोलत होते."

मसुद्यातलं बाहेर बोलायचं नाही, अशा कागदावर मी सही केलेली. मी गप्प.

"बरं, नको सांगूस. भाजी कसली केलीस?"

मी तरीही गप्प. आदल्याच दिवशी वरून शेरा आला होता: अपवादांमुळे धोरण कमकुवत होतं. आणि सत्तावीस नंबर पिवळा झाला होता.

आई म्हणाली, "तुझ्या गप्प बसण्याचं हजेरीपत्रक बालवाडीपासून माझ्याकडे आहे. कळलं मला."

मग जरा थांबून म्हणाली, "माझं काय गं, माझी बदली होईल कुठेतरी. पण सात पोरी आहेत त्या अकरांत. पावसाळ्यात ओढा ओलांडून कोण पाठवणार त्यांना? एकदा घरी बसल्या की बसल्या."

अमेय समोर बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "तू बोल ना यार ऑफिसात!"

मी म्हटलं, "मला बोलायला ठेवलेलं नाही. रंग सांगायला ठेवलंय."

०००

शेवटचं वाचन मंगळवारी झालं. त्यानंतर मसुदा वर जाणार होता, आणि वर गेलेलं कोणी खाली आणत नाही. टेबलाभोवती सगळे होते: नेगीजी, तान्या, ते पार्किंगवाले तज्ज्ञ. माथुरसाहेबांसमोर काळी-पांढरी प्रत आणि उघडं पेन.

"तेईस?"

"हरा, सर."

"चौबीस?"

"पीला, सर." आडवी रेघ.

"पच्चीस?"

"हरा."

"छब्बीस?"

"हरा."

माझ्या बांगड्या वाजू नयेत म्हणून मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं होतं.

"सत्ताईस?"

स्क्रीनवर सत्तावीस नंबर हळदीसारखा पिवळाधमक होता. समोर तान्याच्या लॅपटॉपवरही तेच पान. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. पार्किंगवाले तज्ज्ञ बिस्कीट बुडवत होते.

साहेबांनी मान वर केली. "सिग्नल मॅडम? सत्ताईस कौन से रंग का है?"

खोटं बोलायचं नव्हतं. आणि खरंही तोंडातून निघेना.

"सर," मी म्हटलं, "काग़ज़ पर तो काला है."

तज्ज्ञांचं बिस्कीट चहात पडलं.

तान्याने आपला लॅपटॉप हळूच मिटला.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.  मग चष्मा पुसला, परत चढवला, आणि सत्ताविसावा परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला, एकेका ओळीखालून बोट फिरवत. 'पाणी' या शब्दाशी बोट थांबलं. पेन उचललं. 

त्यांनी समासात एक बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

"अट्ठाईस?"

"हरा, सर."

वाचन संपलं. कागद गोळा झाले. दारापाशी जाऊन साहेब थांबले.

"नेगीजी, वो रंगीन प्रिंटर वाली फाइल का क्या हुआ?"

नेगीजींचा चेहरा उजळला. "सर, खुशखबरी! कल ही मंज़ूर होकर आई है! आख़िर औचित्य मान गए वो लोग!"

"वापस भेज दीजिए."

"सर?"

"लिखिए, औचित्य स्पष्ट नहीं है."