कातळावरचं दशम्यांचं गाठोडं

समुद्र धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला आणि माझ्या वाट्याला धरण, याचा राग मला होताच. तिला कोकणात दिली, मला मुळशीतच, आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ती माहेरी आली की तिचं समुद्रपुराण सुरू व्हायचं. आई सगळी कामं टाकून ऐकत बसायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पण एका बाबतीत मी तिच्या वरचढ होते. मला दोन पोरं होती, तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही मूल नव्हतं. लेकीला मूल झाल्याशिवाय आईनं तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या चुलीपाशी आई हक्कानं जेवायची. हे मी बोलून दाखवत नव्हते, पण मनात चांगलं जपून ठेवलं होतं.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी आणि आई तिच्याकडे गेलो. ताम्हिणीचा घाट पायी उतरलो, खाली एस.टी. धरली. आईनं आपल्यापुरत्या दशम्या आणि चटणी फडक्यात बांधून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी बहीण आम्हाला समुद्रावर घेऊन गेली. दुपारचं तिथंच खाऊ म्हणून आईनं ते गाठोडं सोबत घेतलं. आधी कड्यावर चढलो. अगं बाई! खाली काळे कातळ, त्यांवर लाटा फुटत होत्या आणि पाणी पार आमच्या तोंडावर उडत होतं.

"केवढं गं तुझं पाणी!" आई बहिणीला म्हणाली.

तुझं! जसं काही हिनंच खणलंय.

"खारट तर हाय," मी म्हणाले. "आमच्या धरणाचं निदान पिता तरी येतं."

कुणी लक्षच दिलं नाही.

मग खाली वाळूत उतरलो. आईनं गाठोडं पाण्यालगतच्या कातळावर ठेवलं आणि समोर बसली. धरणावर धुणं धुताना आम्ही असंच ठेवतो. ते पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, घटकाभरात कुठं हलतंय? आम्ही दोघी बहिणी शिंपले वेचत लांब गेलो. परत येऊन बघतो तर गाठोडं नाही आणि कातळही नाही. सगळीकडे पाणी.

"आक्का, आता आई खाईल काय?" बहीण रडकुंडीला आली.

"शेजारी कुणाकडं तरी बघू," मी म्हटलं.

आई उठली, लुगड्याची वाळू झटकली. "शेजारी कशाला? हिच्याकडंच जेवीन."

घरी बहिणीनं भात आणि माशाचं कालवण वाढलं. आई म्हणाली, "आणिक घाल." माझ्याकडे तिनं कधी मागून घेतलं नव्हतं.

परतीला घाट चढताना मी विषय काढलाच. "आये, तू तर कातळाकडं तोंड करून बसली व्हतीस. पाणी चढताना दिसलं न्हाई?"

"दिसलं की."

"मग उचललं का न्हाईस?"

"किती दिस ठेवायची त्या पोरीला तशी?"

माझं डोकंच फिरलं. "माझ्यासाठी काय बुडवलंस गं आजवर?"

"तुझ्यावर तशी येळच आली न्हाई, बये."

खरं होतं. घरी माझी दोन्ही पोरं वाट बघत होती. पण त्या चढावर मला वाटून गेलं, जरा उशिरा झाली असती तर काय बिघडलं असतं!