मिठाच्या पाण्यातल्या दोन पट्ट्या

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, आमच्या वर्कशॉपमध्ये होते. नवरा कोरेगावहून, गावच्या घरून म्हणाला, "दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत गं..." माझे सासरे त्र्याऐंशीचे, हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीत उमेदीची वर्षं घालवलेले. इतकं सुखाचं मरण, तक्रार तरी कुणाकडे करायची? तरी मी पोटभर रडले.

काही वर्षांपूर्वी विमानाच्या पंखातल्या ब्रॅकेटचं पहिलं काम आमच्याकडे येऊ घातलं होतं. धातू आम्हीच सुचवायचा होता. मी सगळ्यात ताकदवान ॲल्युमिनियम निवडून मोकळी झाले. आप्पांनी नाक मुरडलं. "ताकद लय हाय, पोरी. पन खाऱ्या हवेत ताण पडला की चिरतंय ते. त्योच धातू भट्टीत जास्त मुरवलेला घे. ताकद जरा कमी, पन टिकंल."

"आप्पा, उशीर केला तर काम जाईल."

"जाऊ दे की. मानसं जान्यापरीस काम गेलेलं बरं."

दोन दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी दोन्ही तऱ्हांच्या धातूच्या पट्ट्या बोल्टने वाकवून ताणल्या आणि लोणच्याच्या बरणीत मिठाचं पाणी केलं. तासातली दहा मिनिटं पट्ट्या पाण्यात, बाकी वेळ वाऱ्यावर. मध्येच बेदाण्याच्या हंगामाला तासगावला बहिणीकडे जायचं निघालं, तर बरणी मांडीवर घेऊन एसटीत बसले. तिथे आत्यांनी प्रेमाने त्या पट्ट्या धुतल्या... द्राक्षं वाळवण्याआधी बुडवतात त्या द्रावणात! पट्ट्या काळ्याठिक्कर.

"आवं आक्का, ती काय द्राक्षं हायती व्हय?" आप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला मात्र रडू येत होतं. पंधरा दिवस वाया गेले होते. तोंड बारीक करून, आप्पांच्या चाचणीचं सांगून मी कंपनीकडे आणखी मुदत मागितली. कुरकुरत त्यांनी दिली.

नव्या पट्ट्यांना एकोणीस दिवस झाले आणि मी निवडलेल्या पट्टीवर केसाएवढी चीर दिसली. दुसरी धडधाकट होती. त्याच धातूचा ब्रॅकेट मी पंखात बसवायला निघाले होते. आप्पा 'बघ, मी म्हणत होतो' असं म्हणाले नाहीत. उठून चहा टाकायला गेले.

परवा नव्या कामासाठी त्याच कंपनीचा फोन आला. धातू कोणता, ते संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले. मी म्हटलं, "तीन आठवडे लागतील." मग त्यांनी विचारलं, "ते आजोबाच करतात का अजून चाचणी?"

"नाही," मी म्हटलं, "आता मी करते."