तात्या सरांनी बांधलेला पाय

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि वंदनाला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? — सर गेले म्हणून असेल. पण सर होते तेव्हाही सांगायला सतरा वर्षं माझ्या हातात होतीच की.

आधी सरांबद्दल सांगते. त्यांचं नाव काढलं की मला हसूच येतं, काय करू?

तात्या सर लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, लोणंदजवळच्या आमच्या गावी परतले आणि शाळेच्या मैदानावर आम्हा पोरींना खो-खो शिकवायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. शिट्टी रोज हरवायची. मग तोंडात दोन बोटं घालून अशी शीळ घालायचे की शेजारच्या रानातले बैल चालायचे थांबायचे. कुणी चुकीचा खो दिला तर ओरडणं नाही — स्वतः पाटीवर बसायचे, कुरकुरत्या गुडघ्यांनी उठायचे आणि ती चूक हुबेहूब करून दाखवायचे. जिची चूक, तीच सगळ्यांत जास्त हसायची.

माझे वडील, आण्णा, कांद्याचे व्यापारी. स्पर्धांना आम्ही त्यांच्याच टेम्पोतून जायचो. त्यामुळे संघाच्या आधी संघाचा वास मैदानात पोचायचा. सर म्हणायचे, “समोरच्या पोरी रडाय लागल्या, म्हंजे निम्मी म्याच झाली.”

आणि त्यांचा तो नियम. जिचं मन ठिकाणावर नसेल तिनं फक्त म्हणायचं — आज खुंटापाशी. एवढंच. मग ती मैदानाच्या टोकाला, खो-खोच्या लाकडी खांबाजवळ बसायची. थोड्या वेळानं सर शेजारी येऊन भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायचे. बोलायचं तर बोल, नाही तर शेंगा खा. किती पोरी त्या खुंटापाशी रडल्या आणि उठून पळायला लागल्या, मोजदाद नाही. सगळ्यांना वाटतं, सरांनी हे लष्करातून आणलं. तसं नाही. ते कुठून आलं, हे फक्त मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात सरांना जाऊन वर्ष झालं, म्हणून आम्ही सगळ्या जुन्या पोरी मैदानावर जमलो. कुणी फलटणहून, कुणी कऱ्हाडहून, एक तर पार कवठे महांकाळहून दोन पोरं काखेत मारून आलेली. रडायचं ठरवून आलो होतो — आणि साड्या खोचून खेळायलाच उभ्या राहिलो. एक पाटीवर बसली ती हसून हसून उठेचना. आमची पोरं कडेला उभी राहून आयांकडे बघत होती, जणू या बायका कोण.

मी साताऱ्याच्या एका शाळेत खेळ शिकवते, म्हणून माइक माझ्या हातात. मी सांगितलं की या मैदानावर आता दर महिन्याला एक समुपदेशक ताई येतील. मन दुखलं तर तेही दुखणंच. भीती वाटली तर लपवू नका, बोला. — टाळ्या पडल्या. भीती लपवू नका, म्हणे. कोण सांगतंय?

मंचावरून खाली उतरले तर समोर वंदना, आमच्याच संघातली. म्हसवडला दिलीय तिला. बरोबर अकरा-बारा वर्षांची लेक, तीही खो-खो खेळते. वंदनानं मला मिठी मारली, मग वाकून माझा घोटा चाचपला. “बरा हाय का गं आता पाय?”

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, थंडीत दुखतो कधी कधी.

त्या पायाला कधी काहीच झालेलं नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी सांगलीला विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना होता. मी दहावीत. पळण्यात माझा हात धरणारी संघात कुणी नव्हती, सगळी भिस्त माझ्यावर. आणि दोन महिन्यांपासून मला काहीतरी होत होतं. सामना जवळ आला की हात गार पडायचे, श्वास गळ्यातच अडकायचा, आता मरतेय असं वाटायचं. याला काय म्हणतात, कुणाला ठाऊक होतं? आमच्या घरात त्याला एकच शब्द होता — थेरं. त्या सकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर मी मटकन बसले आणि म्हणाले, पाय मुरगळला.

सरांनी पाय मांडीवर घेतला. अंगठ्यानं दाबत गेले. मी ओरडत होते — नको तिथं ओरडत होते.

“कवापास्नं हुतंय हे?” त्यांनी हळूच विचारलं.

“आत्ताच. पायरीवरनं घसरले.”

“पायाचं न्हाई इचारत मी.”

मी मान खाली घातली. त्यांनी मग पिशवीतली पट्टी काढली आणि खरंच मोडलेला पाय बांधावा तशी, एकेक वेढा जपून बांधली. उठून सगळ्यांना म्हणाले, हिचा पाय गेलाय, वंदना पळंल.

आणि काय पळाली वंदना! राखीव म्हणून आलेली पोर, समोरच्या पोरींच्या हातातून मासळीसारखी निसटत राहिली. आम्ही जिंकलो. परतताना टेम्पोत घसे बसेपर्यंत गायलो. माझी मान वंदनाच्या खांद्यावर होती, आणि मी सुखात होते — अगदी खऱ्या सुखात. हे तुम्हाला पटतं का? मला अजून नवल वाटतं.

हे एवढंच असतं तर मी कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं.

घरी आण्णांनी पाय पाहिला. म्हणाले, उद्या हाडाच्या डॉक्टरकडे जाऊ. डॉक्टर फोटो काढणार, मग? मी घाईनं म्हणाले की डॉक्टर नको, नुसता ताण आहे. आणि पुढे म्हणाले — “सरांनी लय पळवलं.”

तीन शब्द. पायरी होती की सांगायला. ती का नाही सांगितली? अजून मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी सरांना घरी बोलावलं. वंदनाचे वडीलही आले. आण्णा खूप बोलले. पोरी म्हणजे जवान आहेत का तुमचे, असं म्हणाले. माझ्याच टेम्पोतून पोर नेली आणि लंगडी करून आणली, असंही म्हणाले. सरांना एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य माझं होतं, आणि त्यांनी ते माझ्याकडेच ठेवलं.

महिन्याभरानं आण्णांचा राग निवला आणि मला परत सोडलं. पहिल्याच दिवशी सर मला खुंटापाशी घेऊन बसले, शेंगा सोलत. त्याआधी तिथं कुणी बसत नव्हतं. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मी हळूहळू बोलायला शिकले, पुन्हा पळायला लागले, पुढे जिल्ह्याकडून खेळले. वंदना मात्र आली नाही. तिच्या वडिलांनी त्या दिवशी आमच्या घरात जो शब्द टाकला, तो मोडला नाही. सांगलीचा तो सामना तिचा पहिला, आणि तोच शेवटचा.

त्या दिवशी सर आण्णांचं सगळं ऐकून घेत होते. मग हात जोडून म्हणाले, “आण्णा, चुकलं माझं. पोरीला जपाया पायजे हुतं.”

वंदनाचे वडील उठले. माझी पोरगी उद्यापासून येणार न्हाई, म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. सगळं ऐकत होते. भिंतीला हात न लावता, दोन्ही पायांवर नीट उभी होते.